आधी बैठक, मग स्पीकर

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी छोटी बैठक झाली. बाहेर लंडनचा पाऊस, आत सतरंजीवर वीस-बावीस माणसं, आणि माईक नाही. तानपुरा लागला तशी माझी पंधरा वर्षांची मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, तार सैल झालीये का? झणझणतेय."

ती लहानपणापासून आमच्याकडे शास्त्रीय संगीत ऐकत आली आहे, पण मी पदरमोड करून आणलेल्या स्पीकरवर. तिला जो बिघाड वाटला ती होती जवारी, तानपुऱ्याचा प्राण. घोडीवर तारेखाली बारीक दोरा नेमक्या जागी सरकवला की तार घोडीला हलकेच स्पर्श करत राहते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. हे माझ्या स्पीकरमधून तिच्यापर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं.

चूक माझीच. दुकानात लावलेलं गाणं ऐकलं आणि ज्याचा दणका जास्त तो स्पीकर उचलला. तेच गाणं किंचित मोठ्यानं लावलं तरी कानाला सरस वाटतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग मोजपट्टी कोणती? समोर वाजणारं खरं वाद्य. व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हेच केलं. प्रत्यक्ष वादन आणि त्याचं ध्वनिमुद्रण, दोन्ही ऐकवून फरक ओळखायचं काम त्यांनी श्रोत्यांवर सोपवलं.

तुम्हीही हे करू शकता. मात्र बैठक बिनमाईकची हवी. माईक लावला की आपण तबला ऐकत नाही, सभागृहातले स्पीकर ऐकतो. पुढे बसा आणि चार गोष्टी कानात साठवा. तानपुऱ्याची प्रत्येक तार वेगळी कळते, तरी चारही मिळून एकच झंकार होतो. तबल्याच्या चाटेवरचा 'ना' टणक आणि स्वच्छ वाजतो. डग्ग्यावर मनगट सरकलं की नुसता 'धुम्' येत नाही, सूर वर चढताना ऐकू येतो. आणि गायक ओळ सुरू करण्याआधी श्वास घेतो, तोही ऐकू येतो.

घरी आल्यावर तशाच गायनाचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा. आवाज बैठकीत होता तेवढाच ठेवा. आता त्या चार गोष्टी शोधा. एकाच ध्वनिमुद्रणावरून निकाल देऊ नका, कारण दोष त्याचाही असू शकतो, तीन-चार ऐका. आणखी एक सोपी कसोटी म्हणजे घरातल्या माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकणं. आईचा आवाज आईसारखा वाटतो का, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

काही कमी वाटलं तर लगेच खिशात हात घालू नका. आमचा एक स्पीकर कोपऱ्यात होता, दुसरा सोफ्यामागे जमिनीवर. कोपऱ्यात खर्जाचे आवाज फुगतात आणि बारीक नाद त्यात बुडतात. सोफा तर ते अडवतोच. दोन्ही स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे आणले, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवले आणि समोरच्या उघड्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. खर्च शून्य. त्या रात्री तानपुरा लावला आणि मुलगी जिन्यातच थांबली. "बाबा, ती तार!"

इथं वाढणाऱ्या आपल्या मुलांना सूर बहुतेक वेळा फोनमधूनच भेटतो. खरा तानपुरा त्यांना बिघडलेला वाटावा, यापरता तोटा कुठला? म्हणून यंदा दिवाळी पहाटेला त्यांना पुढच्या रांगेत बसवा. आणि निदान एका रागापुरता तरी माईक बंद ठेवा, असं मंडळाला सांगा. स्पीकरचं नंतर पाहू.