टू-स्ट्रोकचा हिशेब: धूर, अ‍ॅव्हरेज आणि हौस

बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना या दोन्ही गाड्या १९७२ मध्ये बाजारात आल्या आणि दोन्ही पुण्याच्या उद्योगघराण्यांच्या. त्यांच्या जोडीला म्हैसूरची येझदी होती आणि १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने निदान दोन पिढ्या नोकरी, संसार आणि पोरांच्या शाळा या टू-स्ट्रोक गाड्यांवर उरकल्या. आज त्या हौसेने पुन्हा रंगवल्या, दुरुस्त केल्या जात आहेत आणि चांगली आरएक्स १०० मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जाते. अशा गाडीच्या मालकाला दोन प्रश्न पडतात: अ‍ॅव्हरेज कसे वाढवायचे आणि धूर कसा कमी करायचा. पहिला खिशाचा आणि दुसरा समाजाचा, असे आपण धरून चालतो. पण या इंजिनाच्या बाबतीत ते बव्हंशी एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. न जळता बाहेर पडलेले पेट्रोल हेच तिथले मोठे प्रदूषण आहे आणि तोच मोठा तोटाही आहे.

हे इंजिनाच्या रचनेतूनच येते. फोर-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर ढकलण्यासाठी पिस्टनची एक स्वतंत्र फेरी असते. टू-स्ट्रोकमध्ये ती नाही. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर जाण्याचे तोंड उघडते, लगेच ताजे मिश्रण आत येण्याचे तोंडही उघडते, आणि काही काळ दोन्ही तोंडे एकाच वेळी उघडी राहतात. आत येणारे मिश्रणच जुन्या धुराला रेटून बाहेर काढते आणि त्या गडबडीत स्वतःही सायलेन्सरमधून निसटते. थ्रॉटल मोठा असताना आत आलेल्या इंधनाचा चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा, असा वाया जातो. थ्रॉटल बंद असताना वेगळीच अडचण उभी राहते. सिलिंडरमध्ये जुना धूर इतका उरतो की ठिणगी पडूनही दर वेळी मिश्रण पेट घेत नाही. जुन्या स्कूटरची उभ्या उभ्या होणारी अडखळती फट-फट अनेकांना प्रिय असते. त्या प्रत्येक अडखळीत न जळलेले पेट्रोल बाहेर पडत असते. उलट बाजूने पाहिले तर हे इंजिन नायट्रोजनची ऑक्साइड्स फोर-स्ट्रोकपेक्षा कमी सोडते. म्हणजे त्याचा खरा गुन्हा हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा आहे.

यातला काही भाग साध्या देखभालीने सुटतो आणि तोच सगळ्यांत स्वस्त आहे. सुरुवात प्लगपासून करावी. दहा-पंधरा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून इंजिन बंद करावे आणि ते निवल्यावर प्लग काढून पाहावा. टोक तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि पिस्टन धोक्यात आहे. काळ्या प्लगचे कारण बहुधा तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेला जेट, चुकलेले टायमिंग किंवा क्रँकचे ऑइल सील हे असते. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले की गिअर ऑइल इंजिनात ओढले जाते आणि कितीही ट्यूनिंग केले तरी पांढरा धूर थांबत नाही. सायलेन्सर आणि धूर जाण्याचे तोंड कार्बनने अरुंद झाले तर जुना धूर अडतो, ताकद घटते आणि चालवणारा आपोआप थ्रॉटल जास्त ओढतो. हेड उघडून कार्बन काढणे हे जुन्या मेकॅनिकचे नेहमीचे काम होते. आज ते टाळून लोक नवा कार्बोरेटर बसवतात आणि अ‍ॅव्हरेज पडले म्हणून गाडीला दोष देतात.

ऑइलच्या बाबतीत सर्वांत खोल गैरसमज आहे. स्कूटरला पेट्रोलच्या दोन टक्के, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर, टू-टी ऑइल पुरते. तरी ‘थोडे जास्त घातले तर इंजिन टिकते’ या समजुतीने दुप्पट घातले जाते, आणि सुटे स्वस्त तेल घातले जात असे तेव्हा तर धुराला पारावार नव्हता. म्हणूनच दिल्लीत १९९८ च्या अखेरीस सुट्या ऑइलच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपावर मोजून मिसळलेले पेट्रोल देण्याची सक्ती झाली. जास्त ऑइलने उलट नुकसान होते. जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने यात भर घातली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होते, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा घेऊन प्लग पुन्हा तपासावा लागतो. शिवाय टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवली तर इथेनॉल ओलावा शोषते आणि इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते, पण नळी तळाचे ओढते, म्हणजे पिस्टनला वंगण नसलेले द्रव मिळते. हौशी गाडी महिन्यातून एकदाच निघत असेल तर थोडेच, ताजे मिसळलेले पेट्रोल भरावे.

पण देखभालीला मर्यादा आहे. दोन्ही तोंडे एकाच वेळी उघडण्याचा तोटा पान्याने सुटत नाही. भारतात १९९१ च्या पहिल्या मानकांत दुचाकीला किलोमीटरमागे १२ ते ३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालत होता. २००० मध्ये ती मर्यादा २ ग्रॅमवर आली. तेव्हा काही टू-स्ट्रोकना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले. त्याने सायलेन्सरमध्ये धूर जाळला, पण वाया गेलेले पेट्रोल परत मिळाले नाही. इंधन बदलूनही रचना बदलत नाही. दिल्लीच्या रिक्षांवरील २०११ च्या अभ्यासात टू-स्ट्रोक सीएनजी रिक्षांतून सुमारे एक तृतीयांश गॅस न जळता निसटतो, असे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. रोगाचे मूळ गाठले ते थेट इंजेक्शनने: सिलिंडरमधून आधी फक्त हवा फिरवायची आणि तोंडे मिटल्यावरच इंधन फवारायचे. अमेरिकेतील कोलोराडो स्टेट विद्यापीठातून निघालेल्या एन्व्हायरोफिट संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटलचे तंत्र घेऊन फिलिपिन्सच्या जुन्या ट्रायसिकलवर असे किट बसवले. तिच्या मोजणीत इंधन ३५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड ७६ टक्के आणि हायड्रोकार्बन ८९ टक्के घटले. बजाजनेही २००७ मध्ये ऑर्बिटलच्या तंत्राची टू-स्ट्रोक रिक्षा आणली होती. अ‍ॅव्हरेज आणि धूर यांचे नाते याहून स्पष्ट कोणी दाखवू शकणार नाही.

यावर आक्षेप आहेत. पहिला असा, की पीयूसी मिळते, मग अडचण काय? पीयूसी फक्त उभ्या गाडीची तपासणी आहे, आणि २००० पूर्वीच्या दुचाकीला तिथे हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतो. पेट्रोल गाडीचा डोळ्यांना दिसणारा धूर तर त्यात मोजलाच जात नाही. दुसरा आक्षेप, इतक्या थोड्या गाड्यांनी काय होणार? पण या गाड्या अरुंद गल्लीत, पादचाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर धूर सोडतात, आणि निसटलेल्या पेट्रोलमध्ये बेंझीन असते. तिसरा आक्षेप रास्त आहे: किट बसवले तर गाडीचे मूळ रूप जाते. त्याचे उत्तर गाडी किती वापरायची यावर आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनीच गाडी व्हिंटेज ठरते आणि तिचा रोजचा वापर चालत नाही. वर्षाला दोन-तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला मूळ कार्बोरेटर, चोख सील आणि मोजलेले ऑइल पुरे. पण आपल्याकडच्या बहुतेक चेतक आणि आरएक्स व्हिंटेज नाहीत, नुसत्या जुन्या आहेत. त्या रोज कामाला काढायच्या असतील, तर अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी इंधनाच्या नळीला चुंबक लावून काही होत नाही. चुंबक इंजिनाच्या रचनेला हातच लावत नाही.

तेव्हा हौस असेल तर गाडी मूळ रूपात जपा, ऑइल मापाने घाला, वर्षातून एकदा हेड उघडा आणि तिला रविवारपुरती ठेवा. रोजच्या धावपळीला मात्र दुसरी गाडी घ्या. टू-स्ट्रोकने ते काम करून झाले आहे.