बोलायचं किती, ऐकायचं किती?

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, विजेचे खांब आडवे झाले आणि गावोगावचे मोबाइल मुके झाले. अशा वेळी परवानाधारक हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम, कामी येऊ शकतो. त्याला ना टॉवर लागतो, ना तारा. बॅटरी मात्र लागते, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच.

आधी हिशेब मांडू. पाठपिशवीत मावणारा 5 वॉटचा संच ऐकताना साधारण अर्धा अँपिअर घेतो, बोलताना 2. बारा तासांच्या पाळीत 3 तास बोलणं धरलं, तर त्याचे 6 अँपिअर-तास झाले. उरलेले 9 तास नुसतं ऐकण्याचे साडेचार. एकूण साडेदहा. नवखा माणूस फक्त बोलण्याचा खर्च धरतो, पण कान देऊन बसणंही फुकट नसतं.

आता बॅटरी कोणती? यूपीएसमधली लेड-अ‍ॅसिड स्वस्त आणि कुठेही मिळणारी. पण दरवेळी निम्म्याहून अधिक उपसली, तर ती लवकर म्हातारी होते. म्हणजे साडेदहासाठी एकवीसची घ्यायची आणि सहा-एक किलोचं ओझं वाहायचं. लिथियम आयर्न फॉस्फेटची नव्वद टक्के सहज वापरता येते. तिथे बाराची पुरते, वजन दीड किलोच्या आसपास. खिशाला मात्र चाट बसते, आणि चार्जरही तिच्या जातीचाच लागतो.

खरा फरक कळतो तो व्होल्टेजमध्ये. बहुतेक संच 13.8 व्होल्टसाठी बनवलेले असतात. अनेकांची खालची मर्यादा 11.7. लिथियमच्या चार सेलचे मिळून 12.8 व्होल्ट बॅटरी संपत येईपर्यंत फारसे ढळत नाहीत. उलट माळ्यावरची जुनी लेड-अ‍ॅसिड मल्टिमीटरवर ऐटीत 12.6 दाखवते. माइकचं बटण दाबलं, की आकडा अकराच्या खाली आणि संच बंद! बटण सोडलं, की पुन्हा साडेबारा, जणू काही झालंच नाही.

म्हणून बॅटरीची परीक्षा ती रिकामी बसलेली असताना घेऊ नये, संचाला जोडून, बोलून घ्यावी. कोकणात मे महिन्यात छप्पर शाकारतात. त्यातलाच एक रविवार काढावा आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात संच फक्त बॅटरीवर चालवावा. गळती तेव्हाच सापडलेली बरी.