ब्लफ कधी मारायचा? पोकरमधल्या अर्धवट हाताकडून शिकण्यासारखं गणित



आजचा विषय थोडा वेगळा आहे: पोकर. सुरुवातीलाच सांगतो, पैसे लावून खेळा असं मी अजिबात सांगत नाहीये. २०२५ च्या कायद्याने आपल्या देशात पैशांवरच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे. आपल्याला त्यातला फक्त विचार उचलायचाय. कारण हातात अर्धीच गोष्ट असताना पुढे जायचं की थांबायचं, हा प्रश्न धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. पोकरमध्ये त्याचं उत्तर आकड्यांत काढता येतं.

आधी खेळ समजून घेऊ

टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात. टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). या सातांतली उत्तम पाच पानं म्हणजे तुमचा हात. एकाच रंगाची पाच पानं जमली की झाला फ्लश.

समजा, तुमच्याकडे बदाम राणी आणि बदाम गुलाम आहे. फ्लॉपवर आलं बदाम सत्ती, बदाम दुर्री आणि इस्पिक राजा. म्हणजे चार बदाम झाले, पाचवा हवाय. आत्ता हातात काहीच नाही, साधी जोडीसुद्धा नाही! पण १३ पैकी ९ बदाम अजून दिसलेले नाहीत. या कामाच्या पानांना आऊट्स म्हणतात, आणि अशा हाताला ड्रॉ.

दोन पानं यायची बाकी असताना ९ आऊट्सवर फ्लश होण्याची शक्यता साधारण ३५% असते. पटकन हिशेब करायचा असेल तर फ्लॉपवर आऊट्सना ४ ने गुणा, टर्नवर २ ने. अगदी अचूक नाही, पण टेबलावर पुरतं.

साधा ब्लफ आणि सेमी-ब्लफ

आता पॉटमध्ये १०,००० चिप्स आहेत. तुमच्याकडे १५,००० आहेत, समोरच्याकडे त्याहून जास्त. त्याने चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी तुमच्याकडे दिली. तुम्ही सगळे १५,००० लावले, तर काय होईल?

समोरच्याने पानं टाकली, तर १०,००० तुमचे. त्याने कॉल केलं, तर ३५% वेळा तुम्ही २५,००० जिंकता आणि ६५% वेळा १५,००० घालवता. सरासरी काढा: ८,७५० वजा ९,७५०, म्हणजे फक्त १,००० चा तोटा.

आता बघा गंमत. हातात काहीच नसताना, एकही आऊट नसताना हाच ब्लफ मारला, तर तोटा टाळायला समोरच्याने ६०% वेळा पानं टाकायला हवीत. फ्लश ड्रॉ असेल तर ९% वेळा टाकली तरी भागतं! चाल तीच, रक्कमही तीच, फरक फक्त मागे काय शिल्लक आहे याचा. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी 'द थिअरी ऑफ पोकर'मध्ये या चालीची सविस्तर मांडणी केली आहे. तिचं नाव सेमी-ब्लफ.

पण थांबा, ९% वर उड्या मारू नका

इथेच बरेच जण चुकतात. तुलना 'पानं टाकून देण्याशी' करायची नसते, दुसऱ्या चांगल्या पर्यायाशी करायची असते. इथे तुम्हीही चेक करू शकता. पुढची दोन्ही पानं फुकटात बघायला मिळाली, तर १०,००० च्या पॉटमध्ये ३५% म्हणजे ३,५०० तुमचा वाटा आहेच. त्यापेक्षा जास्त मिळवायचं, तर समोरच्याने साधारण ४१% वेळा पानं टाकायला हवीत.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. टर्नवर बदाम आला नाही, तर शक्यता १९.६% वर उतरते. तिथे हीच चाल खेळली, तर कॉल झाल्यावरचा सरासरी तोटा १,००० वरून सुमारे ७,२०० वर जातो. रिव्हरवर बदाम नाहीच आला, तर तुमचा सेमी-ब्लफ साधा ब्लफ झालेला असतो.

टूर्नामेंटमध्ये गणित आणखी कडक

टूर्नामेंटमध्ये चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. शिवाय बक्षिसं क्रमांकाप्रमाणे असतात. समजा, चार खेळाडू उरलेत, सगळ्यांकडे सारख्या चिप्स आहेत. बक्षिसं ५०,०००, ३०,००० आणि २०,००० रुपये. चौथ्याला काहीच नाही. आत्ता प्रत्येकाच्या चिप्सची किंमत सरासरी २५,००० रुपये.

तुम्ही एकाला हरवून चिप्स दुप्पट केल्या. किंमत ५०,००० झाली का? नाही! टूर्नामेंटमध्ये वापरल्या जाणाऱ्या आयसीएम या हिशेबाने ती होते साधारण ३८,३००. म्हणजे जिंकलात तर वाढ १३,३०० ची, हरलात तर तोटा पूर्ण २५,००० चा. अशा वेळी ३५% च्या भरवशावर कॉल ओढवून घेणं फार महाग पडतं.

पण हीच भीती समोरच्यालाही असते. म्हणून तुमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त चिप्स असतील आणि बक्षिसाच्या उंबरठ्यावर त्याला बाहेर पडायची धास्ती असेल, तर सेमी-ब्लफ चांगला चालतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, किंवा जो कधीच पानं टाकत नाही, त्याच्यासमोर तो वाया जातो.

मोठी चाल खेळण्याआधी चार प्रश्न

१. समोरचा खरंच माघार घेईल का? त्याचं आत्तापर्यंतचं वागणं काय सांगतं?
२. त्याने माघार घेतली नाही, तर माझ्याकडे किती आऊट्स उरतात?
३. फुकटात थांबून बघण्याचा पर्याय आहे का? त्याची किंमत किती?
४. हरलो तर मी खेळात राहतो का?

आता आपल्या धंद्याकडे या

समजा, तुम्ही घरी मसाले करता आणि घाऊक व्यापाऱ्याकडे जाऊन म्हणता, "३०% आगाऊ दिलेत तरच माल देईन." तुमच्याकडे दहा किरकोळ दुकानांची रोजची विक्री असेल, तर त्याने नाही म्हटलं तरी गाडी चालू राहते. ती दहा दुकानं म्हणजे तुमचे आऊट्स. पण मागे काहीच नसताना तोच सूर लावलात, तर सगळं त्या एका माणसाच्या होकारावर टांगलेलं. आणि एक लक्षात ठेवा: पोकरमध्ये ब्लफ नियमात बसतो, धंद्यात ग्राहकाला खोटं सांगणं बसत नाही. अटीवर ठाम राहा, पण नसलेली क्षमता आहे म्हणून सांगू नका.

तिसरा प्रश्नही विसरू नका. घाई नसेल, तर महिनाभर थांबून आणखी पाच दुकानं जोडणं हे फुकटात पान बघण्यासारखंच आहे. मात्र दिवाळीआधीची ऑर्डर दिवाळीनंतर मागून उपयोग नाही. तोवर तुमचे आऊट्स संपलेले असतात.

आणि चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घरातलं सोनं मोडून उभं केलेलं भांडवल म्हणजे टूर्नामेंटच्या चिप्स. ते दुप्पट झालं, तर आनंद आहे. पण संपलं, तर बहुतेक वेळा दुसरी संधी लवकर मिळत नाही. म्हणून चाल खेळण्याआधी हे चार प्रश्न वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर आकडा मांडा. आकडा मांडता आला नाही, तर चाल अजून कच्ची आहे असं समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!