वास्तू विकताना

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की धाराशिव जिल्ह्यात घरोघरी आवराआवर सुरू होते. वद्य अष्टमीला तुळजापूरची आई भवानी घोरनिद्रेसाठी पलंगावर विसावते आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेला पुन्हा सिंहासनारूढ होते. या मधल्या दिवसांत गोधड्या-वाकळा धुतल्या जातात, भिंती सारवल्या जातात, देव्हाऱ्यातील टाक उजळले जातात. घटाखाली घालण्यासाठी वावरातील माती घरात यावयाची, तर ते घर आधी स्वच्छ हवे, अशी आपली परंपरा आहे.

याच दिवसांत काही घरांतून आणखी एक सिद्धता चाललेली असते. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेलेले भाऊ कुळाचारासाठी गावी येतात. आईवडिलांच्या मागे कुलूप लागलेल्या घराकडे पाहतात आणि जड मनाने ते विकण्याचा विचार करतात. पितृपक्षात व्यवहार करू नये असा संकेत असल्याने बोलणी नवरात्रात होतात, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेल्या विजयादशमीला इसार दिला-घेतला जातो. म्हणजे घर दाखविण्याजोगे करावयास हाच पंधरवडा हाती उरतो. तो कसा सत्कारणी लावावा, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

येणारा गिऱ्हाईक प्रथम अंगण पाहतो. तेथील रान काढावे, मोडके खाट-पेटारे हलवावेत, सडा घालावा. ओसरीतील अडगळ निघाली म्हणजे खणांची खरी लांबी-रुंदी डोळ्यांत भरते. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या तुळया पुसून घ्याव्यात; जुन्या सागवानाचे मोल जाणत्यास सांगावे लागत नाही. दारे-खिडक्यांचे बिजागर, कड्या, उंबरा नीट करावा. दगड-मातीच्या भिंतीला चुन्याची सफेदी द्यावी. घाईने सिमेंटचा गिलावा चढवू नये. मातीच्या भिंतीला तो नीट धरत नाही, आत ओल कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात.

येथवर सारे सोपे आहे. खरी कसोटी माळवदापाशी लागते. गळती थांबविण्यासाठी दर वर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकण्याची आपल्याकडे रीत होती. थरावर थर चढत छप्पर फूट-दीड फूट, कोठे त्याहूनही जाड होई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या रुंद भिंतींचे आतले व बाहेरचे पाखे एकमेकांपासून सुटले आणि वरचे जड माळवद खाली आले. ज्या भिंतींत आरपार जाणारे बांधदगड नव्हते, त्यांना आधारच उरला नव्हता.

ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांना भिंतीची भेग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच विक्रीपूर्वी भेगेवर चुना फासून ती झाकणे हा चतुरपणा आम्हांस मान्य नाही. पोट आलेली भिंत जाणत्या गवंड्यास दाखवावी, बांधदगड घालून ती बांधून घ्यावी, दरजा भराव्यात. माळवदावर नवा थर टाकण्यापूर्वी जुनी माती उतरवून भार हलका करावा. एवढा खर्च झेपत नसेल, तर दोष आहे तसा दाखवून किंमत उतरवावी. गिऱ्हाईक चार पैसे कमी देईल. पण त्याची लेकरे त्या छपराखाली काय आहे हे जाणून निजतील.

कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, उलट करार नसेल तर, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण काळजीने न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. दोष मालमत्तेत असो वा तिच्या मालकी हक्कात, नियम एकच.

पाण्याबाबतही हाच न्याय. आपला जिल्हा अवर्षणाचा. घर घेणारा खोल्यांआधी पाणी विचारतो. आश्विनात परसातील आड भरलेला दिसतो. वैशाखात त्याचा तळ कधी दिसतो, हे न विचारता सांगावे.

घराइतकेच कागदही झाडून-पुसून ठेवावेत. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मिळकतपत्रिका, घरपट्टीच्या पावत्या आणि वारसांच्या नोंदी आधी पाहाव्यात. भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या गावांतील घर असेल, तर वाटपाच्या आदेशात हस्तांतरणाची काही अट आहे काय, तेही वाचावे. आणि बहिणींस विसरू नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. ओटी भरून बहिणीची पाठवणी करावयाची आणि सहीच्या दिवशी तिला वगळावयाचे, हे देवीच्या उत्सवात तरी शोभत नाही. तिचे मन आणि तिचा वाटा दोन्ही आधीच विचारात घेतले, तर पुढचे कज्जे टळतात.

शेवटचा प्रश्न देवघराचा. टाक आणि मूर्ती अर्थातच घराण्याबरोबर जातात. रिकामी देवळी मात्र काजळीने माखलेली सोडू नये. ती धुऊन, चुना देऊन तेथे एक दिवा लावावा. येणारे कुटुंब कोणत्याही जातीधर्माचे असो, प्रकाश सर्वांचाच आहे.

घटातील धान नऊ दिवसांत उगवते आणि दसऱ्याला ते आपण फेट्यात, टोपीत खोवतो. चांगल्या मातीत पेरले तरच ते तरारते. ज्या वास्तूने आपल्या पिढ्या सांभाळल्या, ती दुसऱ्याच्या हाती देताना तिच्याविषयीचे सत्यही त्याच्या हाती द्यावे. सीमोल्लंघनाच्या दिवशी जुना उंबरा ओलांडून जाणाऱ्यांस आणि तोच उंबरा ओलांडून आत येणाऱ्यांस आई तुळजाभवानी सारखेच सुख देवो!