नेमकी ऊब

तापलेल्या तव्यापासून वीतभर वर हात धरला तरी धग लागते. या धगीत तापून वर येणाऱ्या हवेबरोबरच डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असतात. तवा हे किरण सरसकट उधळतो. पण पृष्ठभागावर अतिसूक्ष्म नक्षी कोरली, की ठरावीक तरंगलांबीचेच किरण जास्त निघतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४.३ मायक्रॉनचे किरण शोषून थरथरू लागतो. तेच किरण उत्प्रेरकापाशी पुरवले, तर हा हट्टी रेणू हायड्रोजनशी लवकर संयोग पावेल, अशी आशा आहे. निकेलवर असा मिथेन फ्रान्सच्या पॉल सॅबाटिए यांनी १९०२ मध्येच बनवला होता. मात्र हायड्रोजन आणि उष्णता कोळसा जाळूनच मिळवली, तर जुना धूर निस्तरताना नवा धूर होईल!