सोने सापडते काय? पुरातत्त्वाच्या एम. ए. विषयी थोडे खरे

गोव्यातल्या चोपड्याच्या कुणा मुलीने ‘पुरातत्त्वात एम. ए. करते’ म्हटले, की दोन प्रश्न ठरलेले. सोने सापडते काय? आणि नोकरी खंय गावतली?

सोन्याचे आधी. खणताना सर्वांत जास्त मिळतात ती फुटकी खापरे. ती धुवायची, वाळवायची, एकेकावर क्रमांक घालायचा, यात दुपारच्या दुपारी जातात. मिळालेले घरी नेता येत नाही आणि मनाला येईल तिथे खणताही येत नाही; उत्खननाला केंद्राची मंजुरी लागते.

‘फील्डवर्क म्हणजे खणणे’ हा गैरसमज त्याहून चिवट. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही, उरते ती फक्त नोंद. म्हणून पायी सर्वेक्षण, मोजमाप, थरांची चित्रे, फोटो हेच खरे शिक्षण. कागदपत्रेही वाचावी लागतात. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या भग्न मठाचे पाहा. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणात मारली गेली. तिच्या अस्थी इथे आणल्याचे आणि कुठल्या खिडकीजवळ ठेवल्याचे जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांत होते. त्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला 2004 मध्ये हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि 2021 मध्ये भारताने अवशेष जॉर्जियाला दिले. इतिहास, उत्खनन, जीवशास्त्र, सगळे एका हाडापाशी आले.

तेव्हा ‘हे फक्त इतिहासवाल्यांचे’ हेही खोटे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इतर शाखांचे पदवीधरही येतात; भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकलेल्याला उलट फायदाच.

गोव्यात चर्चपलीकडे काय आहे, असे विचारणाऱ्याने कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळशिल्पे पाहावीत. डिचोली तालुक्यात लामगाव आणि हरवळ्याची जांभ्यातली लेणी आहेत. चोपड्याच्या शापोरा नदीवरच, वरच्या अंगाला हळर्णचा किल्ला आहे. तो पोर्तुगिजांनी 1746 मध्ये घेतला. पाण्याखालचेही आहे: दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 1981 पासून सागरी पुरातत्त्वाचे काम चालते.

आता नोकरी. ‘मिळतच नाही’ हे चूक, ‘एम. ए. झाले की मिळते’ हे त्याहून चूक. केंद्राचा पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग, राज्यांची पुरातत्त्व खाती, वस्तुसंग्रहालये, नेट देऊन अध्यापन, वारसा-संवर्धनाचे प्रकल्प एवढे दरवाजे आहेत. सरकारी जागा थोड्या, जाहिराती अनियमित, सुरुवातीची कामे बहुधा कंत्राटी. केंद्राच्या सर्वेक्षण विभागाच्या ग्रेटर नोएडातील संस्थेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका तिथे उपयोगी पडते. दोन-तीन वर्षे तुटपुंज्या पैशांत काढायची घरची तयारी नसेल, तर आधीच स्पष्ट बोलून घ्यावे.

प्रवेश घेण्याआधी विभागात तीन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष स्थळावर किती आठवडे नेता, रेखाटन कोण शिकवते आणि अहवाल विद्यार्थी स्वतः लिहितो का? उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरे विद्यापीठ बघा.