विश्लेषण : ब्रिटनमध्ये ‘हीट पंप’साठी साडेसात हजार पौंडांचे अनुदान… ते कोणाला, कसे मिळते?

घर उबदार ठेवणारा जुना गॅस बॉयलर काढून त्याजागी विजेवर चालणारा हीट पंप बसवणाऱ्या घरमालकाला ब्रिटन सरकार ७,५०० पौंड, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक अनुदान देते. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक होऊन घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढेही बॉयलर जुना झाला की हा पर्याय येतो. अनुदान मिळवणे फारसे अवघड नाही. पण अनुदान मिळाले म्हणजे दरमहाचे बिल कमी होईलच, असे नाही. नेमका गुंता काय, ते पाहू.

हीट पंप म्हणजे काय?

एसी खोलीतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. म्हणूनच त्याच्या बाहेरच्या युनिटमधून गरम हवा येते. हीट पंप हेच काम उलट करतो. बाहेरच्या थंड हवेत किंवा जमिनीत असलेली उष्णता तो गोळा करतो आणि ती पाण्यात सोडतो. ते पाणी रेडिएटरमधून फिरून घर उबदार ठेवते, शिवाय आंघोळीसाठीही वापरता येते. बाहेर तापमान शून्याच्या खाली गेले तरी हा पंप चालतो. एक युनिट वीज खर्चून तो साधारण तीन युनिट उष्णता देतो, कारण वीज उष्णता तयार करण्यासाठी नव्हे तर ती वाहून आणण्यासाठी वापरली जाते.

सरकार त्यासाठी पैसे का देते?

२०५० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ब्रिटनने २०१९ मध्ये कायद्यात लिहिले. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समधील जवळपास तीन चतुर्थांश घरे केवळ पाइप गॅसवर तापवली जातात. हा गॅस कमी केल्याशिवाय उद्दिष्ट गाठणे अशक्य आहे. २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाख हीट पंप बसवण्याचे लक्ष्य सरकारने २०२० मध्ये जाहीर केले. मात्र हीट पंप बॉयलरपेक्षा कितीतरी महाग असल्याने लोक स्वतःहून वळणार नाहीत, हे उघड होते. त्यातून मे २०२२ मध्ये ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ सुरू झाली. हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला तेव्हा ५,००० पौंड आणि जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाला ६,००० पौंड मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्हींसाठी ही रक्कम ७,५०० पौंड करण्यात आली.

अनुदान कोणाला मिळते, कोणाला नाही?

ही योजना फक्त इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. घर तुमच्या मालकीचे हवे. स्वतः राहत असा किंवा भाड्याने दिले असो, मालक पात्र ठरतो. भाडेकरूला अर्ज करता येत नाही. सध्याची व्यवस्था गॅस, तेल, कोळसा यांवर किंवा साध्या इलेक्ट्रिक हीटरवर चालणारी असावी आणि ती पूर्णपणे बदलली जावी. बॉयलर तसाच ठेवून जोडीला हीट पंप लावला, तर पैसे मिळत नाहीत. बिल्डर बांधत असलेली नवी घरे, सरकारी-सामाजिक गृहनिर्माणातील घरे आणि पूर्वी सरकारी मदतीने हीट पंप बसवलेली घरे यांनाही लाभ नाही. उत्पन्नाची मात्र अट नाही. पोटमाळा आणि भिंतींचे इन्सुलेशन आधी पूर्ण करण्याची सक्ती मे २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली.

स्कॉटलंडमध्ये ‘होम एनर्जी स्कॉटलंड’ची वेगळी योजना आहे. तिथे ७,५०० पौंडांपर्यंत, ग्रामीण भागात व बेटांवर ९,००० पौंडांपर्यंत अनुदान आणि वर बिनव्याजी कर्जही मिळते. पण लेखी मंजुरी हाती येण्यापूर्वी काम सुरू केले, तर हक्क जातो.

अर्ज कोण करतो?

अनेकांचा गोंधळ इथेच होतो. इंग्लंड-वेल्समध्ये अर्ज घरमालक करत नाही, पंप बसवणारी कंपनी करते. ही कंपनी ‘एमसीएस’ प्रमाणित असावी लागते. तिने अर्ज केल्यावर ऊर्जा नियामक ‘ऑफजेम’ घरमालकाशी थेट संपर्क साधून संमती घेते. मग व्हाउचर निघते. हवेवरच्या पंपासाठी ते तीन महिने, जमिनीतल्या पंपासाठी सहा महिने वैध असते. काम झाल्यावर पैसे कंपनीला मिळतात. ग्राहकाच्या बिलातून ७,५०० पौंड आधीच वजा झालेले असतात. आपल्याकडे ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सौर पॅनेल बसवून झाल्यावर अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येते. इथे ग्राहकाला तेवढी रक्कम आधी उभी करावी लागत नाही.

खिशातून किती जातात?

हवेवर चालणारा पंप बसवायला सर्वसाधारणपणे १२ ते १४ हजार पौंड लागतात. अनुदान वजा जाता साडेचार ते साडेसहा हजार पौंड घरमालकाला भरावे लागतात. ३१ मार्च २०२७ पर्यंत या कामावर व्हॅट शून्य आहे. मात्र कोटेशनमध्ये काय धरले आहे, हे नीट पाहायला हवे. हीट पंपातील पाणी बॉयलरइतके कढत नसते, त्यामुळे काही खोल्यांत मोठे रेडिएटर लावावे लागतात. ‘कॉम्बी’ बॉयलर असलेल्या घरात गरम पाण्याची टाकी नसते. ती ठेवायला एखादे कपाट रिकामे करावे लागते. फ्लॅट असेल तर इमारतीच्या मालकाची परवानगी लागते.

मग बिल कमी होते का?

ब्रिटनमध्ये विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटपेक्षा साधारण चौपट महाग आहे. समजा, घराला वर्षाला १०,००० युनिट उष्णता लागते. हिशेबासाठी गॅस ६ पेन्स, वीज २५ पेन्स धरू. ९० टक्के कार्यक्षम बॉयलरला सुमारे ६६७ पौंडांचा गॅस लागेल. एका युनिटला तीन युनिट उष्णता देणाऱ्या पंपाचा खर्च सुमारे ८३३ पौंड येईल. तोच पंप चार युनिट देत असेल, तर खर्च ६२५ पौंडांवर उतरेल. म्हणजे पंप तोच, अनुदान तेच, पण वर्षाला दोनशे पौंडांचा फरक.

हा फरक पडतो तो आखणीमुळे. प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, हे मोजून पंपाचा आकार आणि रेडिएटर ठरवले, तर कमी तापमानाच्या पाण्यावर घर उबदार राहते आणि वीज कमी लागते. फोनवरच अंदाजाने कोटेशन देणाऱ्या कंपनीकडून ही अपेक्षा करता येत नाही. स्वयंपाकही विजेवर नेऊन गॅसजोडणी बंद केली, तर तिचा रोजचा स्थिर आकार वाचतो. हीट पंपासाठीचे खास वीजदरही काही कंपन्या देतात.

सर्वांत मोठी चूक कोणती?

बॉयलर बंद पडेपर्यंत थांबणे. जानेवारीत बॉयलर बिघडला, घरात लहान मूल किंवा भारतातून आलेले आई-वडील असले, की आठवडाभरही थांबणे शक्य नसते. नवा गॅस बॉयलर एक-दोन दिवसांत बसतो. हीट पंपासाठी पाहणी, कोटेशन, व्हाउचर आणि प्रत्यक्ष काम यात काही आठवडे जातात. घाईत नवा बॉयलर घेतला, की पुढची दहा-पंधरा वर्षे प्रश्न मिटतो आणि अनुदानाची संधीही हुकते.

म्हणून बॉयलर दहा वर्षांहून जुना असेल, तर उन्हाळ्यातच दोन-तीन प्रमाणित कंपन्यांना घरी बोलावून मोजमाप करून घ्यावे. एमसीएसच्या यादीत कंपनीचे नाव स्वतः तपासावे. ‘सरकारतर्फे बोलतोय, पंप फुकट देतो’ असा फोन आला, तर तिथेच ठेवावा. आणि कोटेशन हाती आले की अनुदानाच्या आकड्याआधी एकच प्रश्न विचारावा : माझ्या घरात हा पंप एका युनिटला किती युनिट उष्णता देईल? उत्तर लेखी मिळाले, तरच पुढे जावे.